एक्कावन्नावा माणूस



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्राम समितीची नाताळची बैठक होते. गोठा कोणी करायचा, नाताळगीते गात कोणत्या वस्तीत कोणत्या रात्री जायचे, मंडप केवढा घालायचा, असे नेहमीचेच विषय असतात. यंदा मंडपाचा विषय निघाला आणि एक तरुण सहज म्हणाला, "फादर, मंडप मोठाच घालू. कोरोनाच्या वर्षी पन्नास माणसांत नाताळ उरकला, तसली चूक पुन्हा नको." समितीतील एक ताई निवृत्त परिचारिका आहेत. त्या लगेच म्हणाल्या, "चूक कशी म्हणतोस बाळा? मी तेव्हा वॉर्डात होते. तू नव्हतास." मग बाकीचेही बोलू लागले. देवाच्या घरात किती माणसांनी यावे हे ठरवणारे सरकार कोण, असे एकाने विचारले. सरकारने सांगितले म्हणून तर आपण वाचलो, असे दुसऱ्याने सुनावले. मंडप बाजूलाच राहिला आणि आवाज चढले. शेवटी मी म्हणालो, "यावर मी पत्रिकेत लिहीन." ते वचन आज पाळतो आहे. लिहिताना एक गोष्ट कबूलही करायची आहे.

आधी त्या वर्षीची हकीकत थोडक्यात आठवू या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे बंद झाली. त्या वर्षीचा पवित्र आठवडा आणि १२ एप्रिलचा ईस्टर आपण घरी बसून पाळला. आपल्याकडचे वारकरी आषाढीला पायी गेले नाहीत. संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. मुस्लिम बांधवांनी ईदची नमाज घरी अदा केली. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान शिबिर घेतले. म्हणजे सण सोडावा लागला तो काही आपल्यालाच नव्हे. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली आणि महिनाभरात नाताळ आला. २२ डिसेंबरपासून महानगरपालिकांच्या हद्दीत रात्रीची संचारबंदी लागली. आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका नाही, म्हणून ती आपल्याला लागू झाली नाही. पण नाताळासाठी गृह विभागाने ज्या सूचना काढल्या त्या राज्यभरासाठी होत्या. चर्चमध्ये जास्तीत जास्त ५० जणांनी उपस्थित राहावे, गायक कमीत कमी असावेत, मिरवणूक काढू नये. साठ वर्षांवरील वडीलधाऱ्यांनी आणि दहा वर्षांखालील मुलांनी शक्यतो घरीच सण साजरा करावा. यातला 'शक्यतो' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

दोन्ही बाजूंचे खरे

बैठकीत जे दोन पक्ष पडले, तेच तेव्हा साऱ्या राज्यात, साऱ्या जगात पडले होते. दोघांच्याही म्हणण्यात खरेपणा आहे.

एक पक्ष म्हणत होता की उपासना ही चैनीची वस्तू नाही. माणूस भाकरीवर जगतो तसा प्रार्थनेवरही जगतो. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात हॉटेले आणि बार उघडले, पण देवळे, मशिदी, चर्च बंदच राहिली, तेव्हा सश्रद्ध माणसाच्या मनाला लागणे स्वाभाविक होते. तत्कालीन राज्यपालांनी १२ ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले त्यातही हाच मुद्दा होता. त्या पत्राचे आणि उत्तराचे पुढे राजकारण झाले, ते सोडून देऊ. मुद्दा मात्र खोटा नव्हता. अमेरिकेत ब्रुकलिन धर्मप्रांत हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी न्यूयॉर्कमधील उपासनास्थळांवरची दहा आणि पंचवीस माणसांची मर्यादा स्थगित केली. दुकानांना एक माप आणि चर्चला दुसरे, असे चालणार नाही, हा त्या निकालाचा गाभा होता.

दुसरा पक्ष म्हणत होता की देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे. मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतानाने प्रभूला उडी मारायला सांगितले, तेव्हा त्याने पवित्र शास्त्राचाच आधार दिला होता. प्रभूने उडी मारली नाही. शिवाय इथे उडी एकट्याची नव्हती. मी मिस्सेला गेलो आणि आजारी पडलो तर तो माझा प्रश्न, असे म्हणण्याची सोय या रोगाने ठेवली नव्हती. मी घरी येताना तो रोग माझ्या आईसाठीही घेऊन येऊ शकत होतो. संत पौलाने करिंथकरांना मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल लिहिले ते इथे लागू पडते. मांस खाण्याने विश्वासाला बाध येत नाही हे त्याला ठाऊक होते. तरीही दुबळ्या भावाला त्याने ठेच लागणार असेल तर मी ते कधीच खाणार नाही, असा त्याचा निश्चय होता. आपल्या हक्काची मर्यादा आपल्या भावापाशी ठरते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही त्या वर्षीची नाताळच्या पूर्वसंध्येची मिस्सा दोन तास अलीकडे घेतली, कारण इटलीत रात्री दहापासून संचारबंदी होती.

हे सारे लांबच्या विद्वानांचे बोलणे वाटू नये म्हणून सांगतो. पुढच्याच एप्रिलमध्ये, २०२१ साली, आपल्या अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह घालून स्मशानभूमीकडे नेले गेले. देशभराने ती बातमी वाचली. आपल्यापैकी काहींनी ती बातमी म्हणून वाचली नाही. त्यांच्या घरचे माणूस त्याच दिवसांत गेले होते. परिचारिका ताईंचा आवाज बैठकीत का चढला, हे त्या तरुणाला पुढे समजेल.

मग नियम बरोबर होता एवढे म्हणून विषय संपवावा का? नाही.

वेशीचा दरवाजा

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे कायद्यावरचे विवेचन आम्हाला अभ्यासाला होते. तेराव्या शतकातला हा धर्मपंडित सांगतो की कायदा म्हणजे नुसता हुकूम नव्हे. तो विवेकाने केलेला हवा, सर्वांच्या हितासाठी हवा, लोकांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने केलेला हवा आणि लोकांना कळवलेला हवा. पुढे तो एक उदाहरण देतो, ते मला आजही आठवते. एका शहराला शत्रूचा वेढा पडला आहे. वेशीचे दरवाजे बंद ठेवावेत असा हुकूम आहे आणि तो योग्यच आहे. अशा वेळी शहराचे रक्षण करणारे आपलेच काही लोक शत्रूच्या पाठलागातून धावत वेशीपर्यंत येतात. दरवाजा उघडायचा का? थॉमस म्हणतो, उघडायचा. हुकूम शहर वाचवण्यासाठी होता. आता दरवाजा बंद ठेवला तर हुकूम पाळला जाईल आणि शहर बुडेल. पण त्याने एक अटही घातली आहे. संकट दारात येऊन उभे राहिले, विचारायला वेळच नाही, तरच माणसाने असा निर्णय स्वतः घ्यावा. एरवी ज्याला जो वाटेल तो दरवाजा उघडू लागला तर वेस कशाला हवी?

म्हणजे नियम पाळणाऱ्याला डोके बाजूला ठेवता येत नाही आणि नियम मोडणाऱ्याला मनमानी करता येत नाही. हा नियम कोणाला वाचवण्यासाठी आहे, असे दोघांनीही विचारायला हवे.

आता त्या वर्षीचा नियम आपल्या जिल्ह्यात आणून पाहा. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडचे कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात. आपल्या धर्मग्रामातीलही कितीतरी कुटुंबे नाताळला फडात असतात, कोपीत मेणबत्ती लावतात. गावात मागे कोण राहते? म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली लेकरे. साठच्या पुढचे आणि दहाच्या आतले. मुंबईत बसून नियम करणाऱ्याला यात वावगे दिसणार नाही, कारण तिथे आजीने घरी थांबले तरी घरात मुलगा-सून असतात. आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर मात्र ज्यांनी घरी थांबावे असे म्हटले होते, त्यांच्याशिवाय तिथे दुसरे कोणी नव्हतेच. नियम वाईट नव्हता. रोगाचा धोका याच लोकांना सर्वांत अधिक होता. पण सर्वांना सारखा दिसणारा नियम सर्वांवर सारखा पडत नाही. टाळेबंदी लागली तेव्हा हेच ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकून पडले होते. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने परवानगी दिली तेव्हा कुठे त्यांना गाव दिसले. ८ मे रोजी करमाडजवळ रेल्वेरुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, तेही चालत घराकडेच निघाले होते. घरी थांबा, हे सांगणे सोपे असते. ज्याचे घर दूर आहे किंवा ज्याच्या घरात कोणीच नाही, त्याला ते फार जड जाते.

आपल्या फाटकापाशी

आता जे कबूल करायचे ते.

२४ डिसेंबर २०२० रोजी आपण मध्यरात्रीची मिस्सा सायंकाळी ठेवली होती. एका मिस्सेला पन्नास याप्रमाणे याद्या केल्या होत्या. फाटकावर आपले स्वयंसेवक यादी घेऊन उभे होते. त्यांनी चोख काम केले. पुढे जे लिहितो त्याचा दोष त्यांना नाही.

एका वस्तीवरची आजी टमटमने आली होती. तिच्याबरोबर सहा-सात वर्षांचा नातू होता. मुलगा-सून कारखान्यावर. दोघांची नावे यादीत नव्हती, कारण यादी फोनवरून केली होती आणि आजीकडे फोन नव्हता. स्वयंसेवकाने मला बोलावले. मी म्हणालो, "आजी, नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी आहे. उद्या मी घरी येऊन ख्रिस्तप्रसाद देतो." ती वाद घालायला आली नव्हती. म्हणाली, "बरं, फादर. लेकराला नुसता गोठा दावते अन् जाते." तिने फाटकाच्या गजांतूनच त्याला गोठ्याचे दिवे दाखवले आणि ती गेली.

पंधरा मिनिटांनी परिसरातील एक मोठे प्रस्थ आपल्याला नाताळच्या शुभेच्छा द्यायला आले. बरोबर तीन माणसे होती. ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचे अर्ज भरण्याचे दिवस होते. मी पुढे होऊन स्वागत केले, पहिल्या ओळीत खुर्च्या टाकायला लावल्या. ते थोडा वेळ बसले, दोन शब्द बोलले आणि गेले. मिस्सा झाल्यावर सॅक्रिस्टीत वेदीसेवक मुलाने मला विचारले, "फादर, पन्नासच पाहिजे होते ना? आज चोपन्न झाले."

मुलांना मोजता येते.

त्या रात्री मी ते परिपत्रक पुन्हा वाचले. पन्नासची मर्यादा स्पष्ट होती; तिथे सवलत नव्हती. वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी शक्यतो घरी थांबावे, हा सल्ला होता. म्हणजे मी काय केले? आजीसाठी सल्ल्याची बंदी केली आणि मोठ्या माणसासाठी बंदीचा सल्ला केला. बारला एक माप आणि चर्चला दुसरे, म्हणून आपण सरकारवर रागावलो होतो. आपल्याच फाटकावर मी दोन मापे वापरली. याकोबाच्या पत्रात सभेत आलेल्या श्रीमंताला पुढची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे. तो उतारा मी कितीदा समजावून सांगितला असेल!

आजीला आत घ्यायला हवे होते, असे मी म्हणत नाही. बंद दालनात पन्नास माणसांत तिला बसवणे तिच्यासाठी धोक्याचेच होते आणि परिचारिका ताई मला तेच सांगतील. पण आवारात कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाकता आल्या असत्या. दार उघडेच होते, ध्वनिक्षेपक लावलेलाच होता. नियम पाळला गेला असता, तिला मिस्सा मिळाली असती आणि लेकराने गोठा जवळून पाहिला असता. मला ते सुचले नाही. ज्या माणसासाठी आपण धावपळ करतो त्याच्यासाठी सगळे सुचते. मोठ्या माणसासाठी चार खुर्च्या मला क्षणात सुचल्या होत्या.

ती आजी कोरोनाने गेली नाही. पुढे दोन-अडीच वर्षांनी वृद्धापकाळाने गेली. तिला परत पाठवले म्हणून ती वाचली, असे मला म्हणता येणार नाही. आत घेतले असते तर ती गेली असती, असेही नाही. कृत्य बरोबर की चूक हे नेहमी परिणामावरून ठरत नाही. त्या क्षणी समोर कोण होते आणि आपण त्याच्याकडे कसे पाहिले, तेही देव पाहतो.

बंद आणि उघडे यांच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी दिलेल्या शब्दाप्रमाणे मी तिच्या वस्तीवर गेलो. नातवाने अंगणात कडब्याचा गोठा केला होता. आदल्या रात्री लांबून पाहिलेला गोठा त्याला पुरेसा लक्षात राहिला होता. आजीने शेजारच्या घरांना निरोप दिला होता. सात-आठ म्हातारी माणसे तोंडाला पदर, उपरणे बांधून अंतर ठेवून बसली होती. त्यांच्यापैकी कोणी आदल्या दिवशी फाटकापर्यंतसुद्धा आले नव्हते. आपण यादीत नसणार हे त्यांनी गृहीत धरले होते. मोकळ्या अंगणात आम्ही प्रार्थना केली, मी ख्रिस्तप्रसाद दिला. मला वाटते, त्या वर्षीचा आपल्या धर्मग्रामाचा खरा नाताळ त्या अंगणात झाला.

तिथे मला उमगले की चर्च बंद की उघडे, एवढाच वाद आपण वर्षभर घालत होतो. दार बंद असेल तर आपण बाहेर जाऊ शकतो, हे आपल्या मनात फारसे आले नाही. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला तेव्हा लोकांना घराबाहेर पडण्याची बंदी होती. तिथले आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी ती मोडायला सांगितले नाही. त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून मिस्सा सुरू केल्या. लोक खिडक्यांतून सहभागी होत. आपल्या पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये काय झाले तेही आठवा. त्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला, जो २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. रोगी शोधण्यासाठी सैनिक घराघरांत घुसले, देवघरेही त्यातून सुटली नाहीत. लोकांच्या मनात इतका संताप साठला की २२ जूनला चापेकर बंधूंनी रँड या अधिकाऱ्यावर गोळी झाडली. रोग्याला वेगळे ठेवणे हा विचार चुकीचा नव्हता, पण त्यात माणसाचा मान उरला नव्हता. त्याच पुण्यात त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना आपल्या डॉक्टर मुलाकडे, यशवंतकडे, नेत होत्या. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याला वेगळे करावे हे त्यांनाही मान्य होते. फरक एवढाच की त्या स्वतः त्याच्याजवळ गेल्या.

मग बैठकीतल्या प्रश्नाला माझे उत्तर काय? त्या वर्षी संख्येची मर्यादा पाळली ही चूक नव्हती. अशी वेळ पुन्हा आली तर ती पुन्हा पाळावी लागेल आणि माप सगळ्यांना एकच आहे का, हेही शासनाला निर्भयपणे विचारावे लागेल. तो आपला हक्क आहे. पण तो प्रश्न तोंडाने विचारण्याआधी आपल्या फाटकावरचे माप तपासावे लागेल. यादी करताना जो राहून गेला, तो एक्कावन्नावा माणूस कोण आहे आणि त्याच्यासाठी आपण काय केले, यावर आपला नाताळ खरा की खोटा हे ठरेल. बेथलेहेमात खानावळ भरली होती. जागा नाही, असे सांगणारा कदाचित खोटे बोलत नसेल. देवाने मात्र गव्हाणीत जागा शोधली.

आता निर्बंध नाहीत. राज्यातील निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. तरी यंदाही डिसेंबरात आपल्या वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि लेकरेच आहेत. त्यांना अडवणारे परिपत्रक नाही, पण रात्रीचे वाहनही नाही. म्हणून समितीने मंडपाच्या खर्चातून थोडी काटकसर करून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. नाताळच्या पूर्वसंध्येला तीन वस्त्यांवर टमटम पाठवायची. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्या अंगणात २५ तारखेला दुपारनंतर ख्रिस्तप्रसाद न्यायचा. आपल्या शेजारी असे कोणी असेल तर त्यांचे नाव येत्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावे. फोन नसलेल्यांची नावे आधी द्यावीत. पहिली ओळ यंदा त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. प्रतिष्ठित पाहुणे आले तर त्यांचेही स्वागतच आहे. त्यांनी मागे जागा मिळेल तिथे बसावे, ही विनंती मी स्वतः त्यांना करीन.

मंडप मोठा घालावा असे म्हणणाऱ्या त्या तरुणाने टमटमचे काम अंगावर घेतले आहे आणि परिचारिका ताई त्याच्याबरोबर जाणार आहेत. वाद मिटला असे मी म्हणणार नाही. वाटेत दोघे भांडतीलच.

बाळ येशू आपणां सर्वांना, फडात असलेल्यांना आणि घरी राहिलेल्यांना, आपला आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू